कंपनीची बांधिलकी मोजायची कशी? विंडोज फोनची गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "हे तुम्ही मोजणार कसं?" माझ्या पहिल्या आराखड्यात 'कंपनीची आपल्या मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिमशी असलेली बांधिलकी' असा भारदस्त शब्दप्रयोग होता. मोजायची पद्धत काय, तर प्रसिद्धिपत्रकांत 'आम्ही बांधील आहोत' हे वाक्य किती वेळा आलंय ते बघायचं! गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "बांधील नसलेली कंपनी वेगळं काय लिहिते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या आराखड्यातही असा एखादा शब्द लपलेला असेल, म्हणून हा लेख.

आधी संकल्पना बघू. सिंहगडावर मावळे मागे फिरू लागले तेव्हा परतीचे दोर कापल्याचं सांगितलं गेलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६०च्या सुमारास मांडलेला विचार याच्या अगदी जवळचा आहे. आपण आपलेच पर्याय कमी केले, माघार अवघड करून ठेवली, तरच समोरचा आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणजे बांधिलकी ही मनातली भावना नसून माघारीची किंमत आहे. आणि किंमत म्हटली की ती मोजायचा प्रयत्न तरी करता येतो.

मोबाइलच्या बाबतीत हे का महत्त्वाचं? ॲप नसलेला फोन लोक घेत नाहीत, आणि लोक नसलेल्या फोनसाठी कोणी ॲप बनवत नाही. याला अप्रत्यक्ष नेटवर्क परिणाम म्हणतात. ॲप बनवणारा आज सहा महिने घालवतो ते तीन वर्षांनी ही सिस्टिम टिकलेली असेल या अंदाजावर. कंपनी खरंच टिकणार का, हाच त्याचा मुख्य प्रश्न असतो.

आता मायक्रोसॉफ्टकडे येऊ. ऑक्टोबर २०१०मध्ये कंपनीनं विंडोज फोन ७ आणला. जुन्या विंडोज मोबाइलची ॲप्स त्यावर चालत नव्हती. फेब्रुवारी २०११मध्ये नोकियाशी करार झाला. २०१० या वर्षात जगात सर्वाधिक विकले गेलेले स्मार्टफोन नोकियाच्या सिम्बियनवर चालणारे होते, तरी नोकियानं विंडोज फोन हीच आपली मुख्य स्मार्टफोन प्रणाली असेल असं जाहीर केलं. बदल्यात मायक्रोसॉफ्टकडून नोकियाला दर तिमाहीला २५ कोटी डॉलर मिळू लागले.

एप्रिल २०१२मध्ये ल्युमिया ९०० अमेरिकेत विक्रीला आला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोन ८ जाहीर केला. त्याचा गाभाच बदलला होता, त्यामुळे आधीच्या एकाही फोनला तो मिळणार नव्हता. अडीच महिन्यांपूर्वी घेतलेला फोनही त्यात आला. जुनी ॲप्स नव्या फोनवर चालणार होती, पण जुन्या फोनला नवी आवृत्ती नाही. पुढे २०१३मध्ये ऑफिस आयफोन आणि अँड्रॉइडवर आलं. एप्रिल २०१४मध्ये नोकियाचा फोन विभाग मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आला. जुलै २०१५मध्ये त्यापोटी ७६० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला गेला आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०१७मध्ये नवी वैशिष्ट्यं आणि नवे फोन यांवर आता भर नाही, हे कंपनीच्या अधिकाऱ्यानं उघड सांगितलं.

आता प्रश्न विचारा: दोर कोणी कापले? नोकियानं. मायक्रोसॉफ्टचे दोर शाबूत होते: संगणकावरचं विंडोज होतं, ऑफिस होतं, आणि ते इतरांच्या फोनवर विकायची मोकळीकही होती. पैसा भरपूर ओतला, हे खरं. पण खर्च झालेला पैसा तुम्हाला बांधून ठेवत नाही, तो फक्त गेलेला असतो. मोठी कंपनी तोटा लिहून बाजूला होते. छोट्या ॲपवाल्याचे सहा महिने मात्र कुणी भरून देत नाही.

मग मोजायचं काय? मी आता तीन गोष्टी नोंदवते. एक, नवी आवृत्ती जुन्या ग्राहकाला आणि जुन्या ॲपला सोबत नेते का. दोन, कंपनी आपलं सर्वांत लोकप्रिय उत्पादन फक्त याच सिस्टिमसाठी राखते का. तीन, वचनाला तारीख आहे का. गूगलनं २०२३मध्ये पिक्सेल ८ला सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. हे वचन पाळलं की मोडलं, ते उद्या कोणालाही तपासता येईल. 'आम्ही बांधील आहोत' हे तपासता येत नाही.

दोन खड्डे मात्र सांभाळा.

पहिला म्हणजे शेवट माहीत असण्याचा. गोष्ट कशी संपली हे कळल्यावर प्रत्येक घटना अपशकुनासारखी दिसते. म्हणून नोंदी तारखेनुसार करा, आणि जून २०१२चा निष्कर्ष काढताना जून २०१२पर्यंतचेच पुरावे वापरा. 'मायक्रोसॉफ्ट लवकर कंटाळते' असं वाटलं तर एक्सबॉक्स आठवा. २००७मध्ये बिघडणाऱ्या एक्सबॉक्स ३६०ची वॉरंटी वाढवताना याच कंपनीनं १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च सोसला आणि ती मैदानात राहिली. कंपनी तीच, निकाल वेगळा. अशी जोडी सापडली की तुलना करायलाच हवी.

दुसरा खड्डा कारण आणि परिणाम यांच्या अदलाबदलीचा. बांधिलकी कमी म्हणून ॲप्स आली नाहीत, की ॲप्स आली नाहीत म्हणून बांधिलकी आटली? कंपनीचं म्हणणं असं होतं की आम्ही पैसे दिले, काही ॲप्स स्वतः लिहूनही दिली, पण वापरणारेच कमी होते. ही बाजू फेटाळायची तर पुरावा हवा, नाहीतर प्रबंधात तिला जागा द्यावी लागते.

आता तुमचा आराखडा काढा. त्यातला सर्वांत भारदस्त शब्द अधोरेखित करा आणि शेजारी लिहा: हे खरं नसतं, तर मला काय वेगळं दिसलं असतं? ती ओळ कोरी राहिली, तर मुलाखतीआधी आधी तीच भरा.