आवाजाचे बळ श्वासात

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव 'तमाशाची पंढरी' म्हणून सर्वपरिचित आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच परंपरेतील. रात्रभर गाणाऱ्या अशा कलावंतांचा गळा टिकतो तरी कसा? जुन्नर-आंबेगावातील भजनी मंडळांना आणि आपल्या गायनवृंदांनाही हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल, असे आम्हांस वाटते.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. पुरुषांमध्ये त्यांची लांबी सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर असते, स्त्रियांमध्ये त्याहून कमी. गाताना ते जवळ येतात. फुप्फुसांतील हवा त्यांना विलग करते आणि स्वतःच्या लवचिकपणामुळे ते पुन्हा मिटतात. ४४० कंपनांचा सूर म्हणजे ही उघडझाप सेकंदाला ४४० वेळा! सूर चढविताना तंतू ताणले जातात. आवाज वाढविताना खालून हवेचा दाब वाढवावा लागतो. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले.

खरी तालीम आहे ती श्वासाची. भरलेली छाती आपोआप आकसू पाहते. मुरलेला गायक बरगड्यांचे स्नायू एकदम सैल सोडत नाही. तो श्वासाला लगाम घालतो आणि ओळ संपत आली की पोटाच्या स्नायूंची मदत घेतो. त्यामुळे दाब अखेरपर्यंत सारखा राहतो. तमाशात झीलकरी झील ओढतात, तेवढ्यात मुख्य गायकाला दम घेता येतो, हीदेखील परंपरेची शहाणी सोय होय.

ज्याला ही सवय नाही, तो गळा आवळून जोर लावतो. मग तंतू एकमेकांवर आदळतात, सुजतात. असे वारंवार घडल्यास त्यांवर गाठी येतात.

म्हणून गायकांनी सुरुवात खालच्या पट्टीत, हळू आवाजात करावी. दिवसभर पाणी पीत राहावे. गिळलेले पाणी थेट स्वरतंतूंवर जात नाही. शरीरात मुरल्यावरच त्यांना ओलावा मिळतो. तंबाखू व धूम्रपान टाळावे. घसा बसला असता कुजबुजून बोलण्यापेक्षा मौन बरे. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही राहिला, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. क्वचित ते कर्करोगाचेही लक्षण असते आणि वेळीच ओळखल्यास उपचार सुकर होतात.