नाव की आज्ञा?

संगणकाशी ज्यांचा फारसा संबंध आला नाही अशा श्रोत्यांनीही हा विषय परका मानू नये, अशी आमची विनंती आहे. प्रश्न साधा आहे. दिलेले नाव हे नावच राहावे, की त्यालाच हुकूम समजून यंत्राने कामाला लागावे?

लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. तीत फाइल उघडण्यासाठी ‘ओपन’ हा शब्द आहे. जुन्या रीतीने त्याला दोनच गोष्टी द्यावयाच्या: फाइल धरावयाची मूठ आणि फाइलीचे नाव. मग वाचावयाचे की लिहावयाचे, हे यंत्राने ओळखावे कसे? तर नावाला चिकटलेल्या चिन्हांवरून! आरंभी उजवीकडे टोक असलेले कोनचिन्ह असले, की उरलेल्या नावाची फाइल लिहिण्यासाठी उघडते आणि तीत आधी जे असेल ते तत्क्षणी पुसले जाते. शेवटी उभी रेघ असली, तर तिच्याआधीचा मजकूर आज्ञा म्हणून चालविला जातो. मागचीपुढची कोरी जागा तर गुपचूप गाळलीच जाते.

जो नावे स्वतःच ठेवतो त्याला ही सोय वाटते. पण युनिक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य-अक्षर एवढे सोडून नावात काहीही चालते. समजा, परक्याने पाठविलेल्या फाइलीचे नावच मुळी कोनचिन्हाने सुरू होते व पुढे ‘हिशेब’ असे आहे. आपण ती वाचावयास जातो, आणि शेजारची ‘हिशेब’ नावाची वर्षभराची वही कोरी होते! नावात फाइली पुसण्याची आज्ञा आणि शेवटी उभी रेघ असेल, तर काय होईल ते सांगावयास नको. चोराने दारावर चिठ्ठी चिकटवावी आणि ती वाचताच घरच्यांनी तिजोरी उघडून द्यावी, अशातलाच हा प्रकार.

उपाय २००० सालच्या ५.६ या आवृत्तीत आला. ओपनला तीन गोष्टी द्याव्यात: मूठ, हेतू आणि नाव. हेतू वेगळा सांगितल्यामुळे नावातले प्रत्येक अक्षर, कोरी जागासुद्धा, जसेच्या तसे घेतले जाते. जुनी रीत मात्र भाषेत राहिलीच. आज्ञेबरोबर दिलेल्या फाइली एकामागून एक वाचणारे कोनी कंसांचे साधन पर्लकरांना फार प्रिय. ते आतून त्याच जुन्या रीतीने चालते. म्हणून २०१५ साली ५.२२ मध्ये दुहेरी कंसांचा निर्धोक प्रकार देण्यात आला. आमच्या मते तो पंधरा वर्षे उशिराच आला.

एवढे करूनही फाइल उघडलीच नाही, असे होऊ शकते. तेव्हा ओपनचे उत्तर होकारार्थी आले की नाही ते पाहावे, आणि नकार आल्यास त्याचे कारण छापून तेथेच थांबावे.