काटा हवेचा, भरवसा ब्रेकचा

घाटात ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला. वाचताना वाटतं, ब्रेक त्याच वळणावर अचानक गेला. एअर ब्रेक पुष्कळदा असा जात नाही. तो आधीपासून थोडा थोडा जात असतो आणि चालकाला पत्ता लागत नाही. लागणार तरी कसा? त्याच्यासमोरचा काटा भलतीच गोष्ट मोजत असतो.

मोटारीच्या पेडलपासून चाकापर्यंत ब्रेक ऑइल असतं. ते गळलं की पेडल खोल जातं आणि पायालाच कळतं. ट्रक-बसचं पेडल म्हणजे नुसती झडप. ती उघडली की टाकीतली सात-आठ बार दाबाची हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते. तिथला रबरी डायफ्रॅम पुश रॉडला ढकलतो, रॉड स्लॅक ॲडजस्टरला फिरवतो, त्याला जोडलेला कॅम ब्रेकशू फाकवतो आणि लायनर ड्रमला घासतात. रॉड 30 मिलिमीटर सरकला काय किंवा 60, पायाला फरक जाणवत नाही. डॅशबोर्डवरचा काटा हवेचा दाब दाखवतो, ब्रेकची ताकद नाही. टाकी भरलेली आहे म्हणून नळाला पाणी येईलच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

हवाच गळून गेली तर काय, याचा बंदोबस्त मात्र पूर्वीच झाला आहे. पार्किंग ब्रेकची दणकट स्प्रिंग हवेच्या जोरावर मागे रेटून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. खरा धोका हवा भरपूर असतानाचा आहे.

अवजड वाहनांत सर्रास दिसणारा 'टाइप 30' चेंबर घ्या. त्यातला रॉड जास्तीत जास्त अडीच इंच, म्हणजे सुमारे 63 मिलिमीटर सरकतो. अमेरिकेतल्या तपासणीत 2 इंचांची मर्यादा धरतात, कारण त्यापुढे रॉडचा जोर झपाट्याने घटतो. लायनर झिजले की ही सरक वाढते. त्यात उताराची भर पडते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. 40 टनांच्या ट्रकची एवढ्या उतारातली ऊर्जा जवळपास 20 कोटी ज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत साडेपाचशे लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. इंजिन आणि हवेचा रोध यातला वाटा उचलतात, पण गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या माथी येतो. ड्रम 300 अंशांनी तापला तर त्याची त्रिज्या सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढते. किरकोळ वाटेल, पण ॲडजस्टरचा दांडा आणि कॅम यांच्या प्रमाणामुळे रॉडला त्याच्या दसपट सरकावं लागतं. थंड असताना जेमतेम मर्यादेत बसणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर मर्यादेबाहेर जातो. काटा अजूनही आठ बारच दाखवत असतो.

अमेरिकेतले तपासनीस आजही गाडीखाली शिरून रॉडवर खडूची खूण करतात, चालकाला ब्रेक दाबायला लावतात आणि खूण किती सरकली ते मोजतात. हेच काम इलेक्ट्रॉनिक देखरेख चालत्या गाडीत करते. रॉडबरोबर एक चुंबक सरकतो, समोर हॉल संवेदक बसवलेला असतो. एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबकीय क्षेत्र बदललं की विद्युतदाब बदलतो. कशाचा कशाला स्पर्श नाही, त्यामुळे चिखल-धुळीतही झिजायचं भय कमी. जोडीला पेडलच्या हवावाहिनीवर दाबाचा संवेदक. मग गणित सोपं: पेडल दाबलं आणि रॉड हललाच नाही, तर ब्रेक बंद. फार हलला, तर सैल. पेडल सोडलं तरी मागे आला नाही, तर चाक घासतंय. कोणत्या चाकाचं काय बिघडलंय, ते चालकाला केबिनमध्ये दिसतं.

अमेरिकेत 1994 पासून नव्या गाड्यांना, रॉडची वाढलेली सरक आपोआप भरून काढणारे स्वयंचलित ॲडजस्टर सक्तीचे झाले. मग ही देखरेख कशाला? 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक गावात एक डंपर उतारावर थांबेना आणि मोटारींवर आदळला. स्वयंचलित ॲडजस्टर हाताने आवळून वेळ मारून नेली जात होती, असं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं. स्वयंचलित भाग सैल पडतोय, याचा अर्थ दोष दुसरीकडेच आहे, बहुधा झिजलेल्या बुशमध्ये किंवा अडकलेल्या कॅममध्ये. पाना फिरवला की लक्षण दडतं, दोष राहतो.

ट्रेलरचं प्रकरण अधिक किचकट आहे. आज या ट्रॅक्टरमागे, उद्या त्या. प्रत्येक चाकाची खबर पुढच्या केबिनपर्यंत न्यायची तर दोन्हींची भाषा जुळायला हवी. एबीएसच्या दिव्यासाठी अमेरिकेत ट्रेलरला वीज पुरवणाऱ्या तारेवरूनच संदेश पाठवण्याची युक्ती निघाली. एबीएस मात्र चाक लॉक होण्यापासून वाचवतो. ब्रेक सैल आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम नव्हे. आपल्याकडे मोठ्या ट्रक-बसना एबीएस आला म्हणून निर्धास्त होणाऱ्या मालकांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. केबिनच्या सजावटीवर ते हात सैल सोडतात, तिथे चेंबरवरच्या संवेदकाचा खर्च जड वाटू नये.

रोलरवरची फिटनेस चाचणी बहुधा फारशा न तापलेल्या ड्रमवर होते, तेही त्या एका दिवसापुरती. संवेदक रोज पाहतो. पण घाटाच्या मध्यावर लाल दिवा लागून उपयोग थोडा, तिथे थांबायलाच ब्रेक लागतात. हा दिवा वाचायची जागा खंडाळ्याच्या अलीकडे, गाडी बाजूला घेऊन. ब्रेक एकदा पूर्ण दाबायचा, सगळी चाकं हिरवी आली तर खालचा गिअर टाकून निघायचं. एखादं चाक हिरवं आलं नाही, तर मेकॅनिकला तिथेच बोलवायचं.