आधाराचा पट्टा

कोकणात आणि गोव्यात माडावर चढून नारळ उतरविणाऱ्या कसबी माणसास पाडेली म्हणतात. पायांत दोरीचा फास अडकवून, किंवा खोडाला पाडलेल्या खाचांत पाऊल रोवून, तो पाहता पाहता पन्नास-साठ फूट उंच जातो. वाऱ्याने शेंडा डुलत असतो. एका हाताने झावळीचा देठ धरून दुसऱ्या हाताने त्याला कोयता चालवावयाचा असतो. त्याचा सारा भरवसा स्वतःच्या हातापायांच्या पकडीवर. ही पकड लहानपणापासूनच्या सवयीने येते. पण घाम, शेवाळ किंवा क्षणाचे दुर्लक्ष यांपुढे सवयीचे काही चालत नाही.

आता या कामात नवी माणसेही येत आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात तरुण-तरुणींना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. शहरांत पावसाळ्यापूर्वी मोठ्या वृक्षांच्या धोक्याच्या फांद्या तोडणारे कामगारही असेच उंचावर राबतात. अशांच्या रक्षणासाठी जो पट्टा वापरतात, त्याला सुरक्षापट्टा किंवा हार्नेस असे म्हणतात. तो दिसावयास साधा असतो; पण त्याच्या घडणीत पुष्कळ विचार साठविलेला असतो.

या पट्ट्याची कामे दोन. पहिले, माणसाला झाडाशी धरून ठेवून त्याचे दोन्ही हात मोकळे करणे. दुसरे, तो निसटलाच तर त्याला अधांतरी झेलणे. यांपैकी दुसरे काम फार कठीण आहे. समजा, ६० किलो वजनाचा माणूस २ मीटर खाली पडला आणि दोर ताणला जाऊन पुढील पाव मीटरात थांबला. अशा वेळी पट्ट्यावर सरासरी ५४० किलो वजनाएवढी ओढ बसते. म्हणजे त्याच्या वजनाच्या नऊपट! एवढी ओढ एकट्या कमरेवर आली, तर पट्टा टिकूनही माणूस जायबंदी होईल. म्हणून जो पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी बनविलेला असतो, तो मांड्या, छाती आणि खांदे यांभोवतीही फिरविलेला असतो. केवळ कमरेचा पट्टा जागेवर स्थिर राहण्यासाठी ठीक; पडणाऱ्याला झेलण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

पूर्वी असे पट्टे चामड्याचे किंवा सुताचे करीत. ऊन-पावसाने चामडे वाळून तडकते आणि सूत दमट हवेत कुजते. १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉनचा आणि १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा शोध लागला. हे धागे कुजत नाहीत, आणि वजनाच्या मानाने अतिशय बळकट असतात. पलंगाच्या नवारीप्रमाणे, पण कितीतरी घट्ट विणलेली त्यांची पट्टी आता सर्वत्र वापरली जाते.

तथापि, चांगली पट्टी मिळाली म्हणजे चांगला पट्टा झाला, असे नव्हे. पट्टीची टोके जेथे एकमेकांवर शिवलेली असतात, तेथे पट्ट्याची खरी परीक्षा होते. तेथे टाक्यांच्या अनेक ओळी जवळजवळ घातलेल्या असाव्या लागतात. म्हणजे एखादा टाका तुटला तरी भार इतरांवर वाटला जातो. उत्तम पट्ट्यात शिवणीच्या दोऱ्याचा रंग पट्टीच्या रंगाहून मुद्दाम वेगळा ठेवतात. हे शोभेसाठी नव्हे. तुटलेला टाका चटकन नजरेस पडावा, हा त्यातील हेतू. पट्टीचे कापलेले टोक उष्णतेने वितळवून बंद केलेले असते, म्हणजे धागे उसवत नाहीत. बक्कल आणि कड्या यांच्या कडा गुळगुळीत असाव्या लागतात. धारदार कड पट्टीला हळूहळू कापीत जाते.

फांद्यांवर काम करणाऱ्यांच्या पट्ट्यात पुढच्या बाजूस दोन कड्यांना जोडणारी एक आखूड दोरी असते. मुख्य दोर अडकविलेली कडी तिच्यावरून सतत डावीकडे-उजवीकडे सरकते. साहजिकच ही दोरी लवकर झिजते. म्हणून चांगला कारागीर ती सहज बदलता येईल अशी बसवितो.

पट्टा विक्रीस येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची कसोटी घेतात. युरोपातील मानकाप्रमाणे, संपूर्ण शरीराचा पट्टा धडाच्या आकाराच्या पुतळ्यावर चढवून, सुमारे १५०० किलो वजनाएवढ्या ओढीने ३ मिनिटे ताणून धरतात. भारतातही अशा पट्ट्यांसाठी ३५२१ क्रमांकाचे मानक आहे.

परंतु ही कसोटी नव्या पट्ट्याची असते. पुढे त्याला ऊन लागते, खोडाच्या खरबरीत सालीवर तो घासतो, त्याच्या विणीत वाळू शिरते, कधी कोयत्याचे पाते निसटते लागते. उन्हातील अतिनील किरण धाग्यांना आतून दुबळे करतात. तीव्र आम्लाचा स्पर्श झाला तर नायलॉनचे बळ जाते, आणि पट्टीवर मात्र त्याची खूण क्वचितच उरते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या पट्ट्याचेही तसेच असते: घाट तोच, पण बळ मात्र गेलेले.

यासाठी जाणता कामगार रोज झाडाला हात लावण्यापूर्वी पट्टा तपासतो. पट्टी बोटांत धरून तो ती वाकवितो, म्हणजे बाकावर तुटलेले धागे वर उठून दिसतात. तो प्रत्येक शिवण पाहतो, प्रत्येक बक्कल ओढून पाहतो. रंग विटला असेल, पट्टी कडक झाली असेल, तर तो पट्टा बाजूला ठेवतो. एकदा जोराचा हिसका बसलेला पट्टा वरून धडधाकट दिसला तरी तो पुन्हा वापरीत नाही. उलट कापून टाकतो, म्हणजे अजाणता दुसरा कोणी तो कमरेस बांधणार नाही. पट्टीचे आयुष्य अनेक निर्माते फार तर १० वर्षे धरतात. रोजच्या कष्टाच्या कामात ते याहून पुष्कळ कमी भरते.

पट्टा शिवणारा आणि पट्टा बांधणारा यांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. तरीही शिवणाऱ्याने एक ओळ कमी घातली, तर तिचे मोल बांधणाऱ्याला द्यावे लागते. आणि बांधणाऱ्याने तपासणीत आळस केला, तर शिवणाऱ्याचे सारे कौशल्य वाया जाते. उंच झाडावरील माणूस सुखरूप खाली उतरतो, तो या दोघांनीही आपापले काम चोख केलेले असते म्हणून.