पहारेकरी फाटक उघडत नाही तेव्हा

मी बोलतोय दिल्लीतल्या हिंदूरावमधून. कागलच्या हिंदूराव घाटग्यांचा वाडा इथे होता, नाव त्यांचंच.

आमच्या पाण्याच्या पंपाचं कंट्रोल कार्ड सुरूच होईना. मिस्त्रीने रीसेट चिप दोनदा बदलली, मग म्हणाला, "साहेब, नवं कार्ड घ्या."

ही चिप म्हणजे पहारेकरी. व्होल्टेज ठरल्या पातळीवर चढेपर्यंत, आणि वर निदान १४० मिलिसेकंद, ती प्रोसेसरला थांबवून ठेवते. मी मीटर थेट चिपच्या पायांवर लावला. पुरवठा ३.३ व्होल्ट, रीसेटचा पाय शून्यावर.

गोम शेवटच्या अक्षरात होती. मॅक्स ८०९ मध्ये 'टी' ३.०८ व्होल्टला सोडते, 'एल' ४.६३ ला. दिसायला जुळ्या बहिणी! ३.३ च्या कार्डावर 'एल' जन्मात सोडणार नाही; मिस्त्रीने दोन्ही वेळा तीच लावलेली.

अक्षर बरोबर असेल, तर पुढे बघा. ८१० चं आउटपुट उलटं असतं. ८०३ ला पुरवठ्याकडे ओढणारा रेझिस्टर लागतो, नाहीतर पाय वर येतच नाही. आणि मीटरला क्षणिक घसरण दिसत नाही, तिथे ऑसिलोस्कोपच हवा.

लजपतराय मार्केटमधून 'टी' आणली. संध्याकाळी टाकी भरली.