मद्यपान आणि ख्रिस्ती माणसाची सदसद्विवेकबुद्धी

लग्नसराई सुरू झाली की धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, दारू पिणे पाप आहे का?" विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एकाला 'नाही' हे उत्तर हवे असते, म्हणजे मांडवातील बैठकीला धर्माची संमती मिळाल्यासारखे होते. दुसऱ्याला 'होय' हे उत्तर हवे असते, म्हणजे शेजाऱ्याकडे बोट दाखविता येते. दोघांनाही एक सोयीचा नियम हवा आहे. ख्रिस्तसभेचे उत्तर मात्र तेवढ्यावर संपत नाही.

पवित्र शास्त्राची साक्ष

बायबलमध्ये द्राक्षारस हे परमेश्वराचे दान मानले आहे. स्तोत्रकार मानवाच्या हृदयाला आनंद देणाऱ्या द्राक्षारसाबद्दल देवाची स्तुती करतो. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला. संत पौल तिमथ्याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो.

त्याच बायबलमध्ये नशेने विवस्त्र होऊन तंबूत पडलेला नोहा आहे. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात मद्यपीचे चित्र आहे : लाल डोळे, विनाकारण झालेल्या जखमा, भांडणतंटे आणि शुद्धीवर येताच पुन्हा पेल्याचा शोध. आजच्या एखाद्या घरातील पहाटही याहून वेगळी नसते. संत पौल गलतीकरांस लिहिताना दारूबाजीची गणना देवराज्याला मुकविणाऱ्या कर्मांत करतो. करिंथ येथे प्रभुभोजनाच्या मेळाव्यात काही जण उपाशी राहत आणि काही जण झिंगत, याबद्दल त्याने त्या मंडळीची कठोर कानउघाडणी केली आहे.

बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारसाला शिवत नसे. लोक म्हणाले, त्याला भूत लागले आहे. येशू लोकांबरोबर खातपीत असे. तेच लोक म्हणाले, हा खादाड आणि दारूबाज आहे. नियमाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला दोघांतही दोषच दिसला. दोघांमधून कार्य करणारा देव मात्र दिसला नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका

द्राक्षारस मुळातच अपवित्र आहे, असे मानणारे पंथ प्रारंभीच्या शतकांतही होते. तिसऱ्या शतकात काही ठिकाणी ख्रिस्तयागात द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरले जाऊ लागले, तेव्हा कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी एका पत्राद्वारे त्यास विरोध केला. पुढे मॅनिकी पंथीयांनी द्राक्षारस निषिद्ध ठरविला. संत ऑगस्टीन यांनी त्यांचे खंडन केले. देवाने निर्माण केलेली वस्तू वाईट नाही. तिचा दुरुपयोग वाईट, ही कॅथलिक श्रद्धा तेव्हापासून स्थिर आहे.

आपल्या काही प्रॉटेस्टंट बांधवांच्या उपासनेत न आंबविलेला द्राक्षांचा रस वापरतात. ही प्रथा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील मद्यबंदीच्या चळवळीतून रुजली. अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने 1869 साली रस आंबू नये म्हणून तो तापवून बाटलीबंद करण्याची पद्धत काढली. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे त्या चळवळीच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून त्यांच्या भूमिकेची थट्टा करणे आपल्याला शोभत नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभेतही मद्यत्यागाची थोर परंपरा आहे. आयर्लंडमध्ये कापुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी 1838 साली सुरू केलेल्या चळवळीत लाखो लोकांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी 1898 साली डब्लिन येथे 'पायोनियर' संघटना स्थापन केली. तिचे सदस्य दारूला पाप म्हणत नाहीत. व्यसनात बुडालेल्या बांधवांच्या उद्धारासाठी ते आपला त्याग येशूच्या पवित्र हृदयाला अर्पण करतात. त्याच शहरातील मॅट टॅलबट हा मजूर पोरवयातच दारूच्या आहारी गेला होता. 1884 साली त्याने दारू सोडली आणि 1925 साली मृत्यू येईपर्यंत प्रार्थनेत व तपश्चर्येत जीवन घालविले. ख्रिस्तसभेने 1975 साली त्याला 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

मद्यपान केव्हा अयोग्य ठरते?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची मार्मिक उकल केली आहे. द्राक्षारस पिणे स्वभावतः निषिद्ध नाही, परंतु चार परिस्थितींत ते अयोग्य ठरते, असे ते सांगतात : पिणाऱ्याला त्याचा सहज अपाय होत असेल तर, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल तर, तो मर्यादा ओलांडत असेल तर, आणि त्याच्या पिण्यामुळे इतरांना अडखळण होत असेल तर.

ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथही संयमाच्या सद्गुणाची आठवण करून देतो. मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा त्याने गंभीर अपराध मानला आहे.

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे मर्जी नव्हे

"माझ्या मनाला टोचत नाही, मग पाप कसले?" असे काही जण म्हणतात. मन न टोचण्याची कारणे दोन असू शकतात : कृत्य निर्दोष असेल, किंवा मन बोथट झाले असेल. पापाच्या सवयीने सदसद्विवेकबुद्धी हळूहळू आंधळी होते, असे श्रद्धाग्रंथ बजावतो. देववचन, ख्रिस्तसभेची शिकवण, प्रार्थना आणि सत्य परिस्थिती यांच्या प्रकाशात तिला घडवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. हे सत्यही विवेकाने विचारात घ्यावयास हवे. पत्नीचे मौन, मुलांच्या डोळ्यांतील भीती, महिन्याच्या शेवटी रिकामा राहणारा डबा, यांचीही साक्ष ऐकावी लागते.

जो व्यसनाच्या विळख्यात सापडला आहे, त्याच्यासाठी मात्र आपली भाषा वेगळी असावी. सवयीच्या बळजोरीने माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभा मान्य करते. त्याला पापनिवेदनातील क्षमेबरोबर औषधोपचार, कुटुंबाचा आधार आणि 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'सारख्या गटाची सोबत लागते. नुसत्या शिव्याशापांनी कोणी सुटत नाही.

वेदी आणि मांडव

रोम येथील मंडळीत खाण्यापिण्यावरून वाद होता. काही जण फक्त शाकभाजी खात, काही सर्व काही खात. संत पौल खाणाऱ्याला सांगतो, न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नकोस. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याचा न्याय करू नकोस. मग तो पुढचे पाऊल टाकतो : ज्यामुळे आपला बंधू अडखळतो, ते मांस किंवा तो द्राक्षारस वर्ज्य करणेच बरे.

याचा अर्थ ख्रिस्तसभेने प्रत्यक्ष वेदीवर दाखवून दिला आहे. ख्रिस्तयागासाठी द्राक्षांचा नैसर्गिक द्राक्षारसच हवा, हा तिचा अढळ नियम आहे. तरीही ज्या धर्मगुरूला मद्याचा घोटही धोक्याचा आहे, त्याला बिशपांच्या परवानगीने 'मुस्तुम', म्हणजे नैसर्गिक स्वरूप न बदलता आंबण्याची क्रिया थांबविलेला ताजा द्राक्षरस, वापरता येतो. रोमच्या श्रद्धासिद्धांत परिषदेने 24 जुलै 2003 च्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केले. प्रापंचिकांनी केवळ भाकरीच्या रूपात प्रभूला स्वीकारले, तरी संपूर्ण ख्रिस्तच त्यांना लाभतो.

जी माता ख्रिस्तसभा पवित्र वेदीपाशी एका दुर्बल पुत्राची एवढी काळजी घेते, तिची लेकरे लग्नाच्या मांडवात काय करतात? वर्षभर दारूपासून दूर राहिलेल्या बांधवाच्या हाती "आजच्या दिवस घे रे, एका पेगने काय होते?" म्हणत कोण ग्लास देतो? कोवळ्या पोराला पहिला घोट पाजून कोण हसतो? पिऊन तर्र झालेल्या पाहुण्याच्या हाती गाडीची किल्ली कोण देतो? यातल्या कोणत्याही कृत्याला कानाच्या चमत्काराचा आधार नाही. काना येथे येशूने एका कुटुंबाची लाज राखली; आपल्या मांडवातून कित्येक कुटुंबांची लाज वेशीवर टांगली जाते.

यजमानांनो, तुमच्या घरच्या कार्यात बाटली ठेवायची की नाही, याची आज्ञा तुम्हाला कोणी लिहून देणार नाही. निर्णय तुमचा आहे. आमंत्रितांची यादी करताना एकेका नावावर क्षणभर थांबा. यांतील कोणाची पत्नी त्या रात्री नवऱ्याची वाट पाहत जागी राहील, याचा विचार करा. मग प्रभूसमोर निर्णय घ्या.