समजून घ्या : २०० किलोमीटरच्या सायकल राइडमध्ये घाट किती मोठा, यापेक्षा तो कधी येतो हे महत्त्वाचं का?

पहाटे पाचला नारायणगावातून निघायचं. जुन्नर, गणेश खिंड, मग कल्याण-नगर महामार्गानं माळशेज घाट उतरून मुरबाड गाठायचं आणि त्याच रस्त्यानं संध्याकाळी घरी यायचं. जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर. थंडी सुरू झाली, की आपल्या भागात सायकलवाल्यांच्या ग्रुपवर असे बेत शिजायला लागतात. हौसेनं सायकल घेतलेल्या अनेकांची ही पहिली ‘डबल सेंच्युरी’ असते.

मीही हा बेत एकदा केला. जाताना सगळं मस्त चाललं होतं. परत येताना भर दुपारी माळशेजच्या चढावर पोटरीत गोळा आला आणि एका आंधळ्या वळणावर सायकलवरून उतरावं लागलं. मागून ट्रक येत होते. रिकाम्या क्रेट घेऊन वर चाललेल्या एका पिकअपच्या ड्रायव्हरनं चारही इंडिकेटर लावले आणि मी कठड्याच्या कडेला पोहोचेपर्यंत गाडी माझ्या मागेच ठेवली. त्याचं नावही विचारायचं राहिलं. घरी आल्यावर इंजिनिअरिंगची जुनी सवय म्हणून वहीत हिशेब मांडला, तेव्हा कळलं की माझी चूक तब्येतीत कमी आणि वेळेच्या हिशेबात जास्त होती.

नारायणगावकरांचा घाट उलटा का?

पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारासाठी घाट म्हणजे आधी चढ, मग उतार. आपलं उलटं आहे. नारायणगाव, जुन्नर हा भाग सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. त्यामुळे माळशेजला जाताना गणेश खिंडीसारखे छोटे चढ सोडले, तर मोठा उतारच लागतो. सकाळी ताजेतवाने असताना आपण फुकटात कोकणात उतरतो. त्याची किंमत शंभर-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर, दुपारच्या उन्हात मोजावी लागते.

घाटात वेग एवढा का पडतो?

सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरनं जायला साधारण १०५ ते ११० वॅट ताकद लागते. यातली बरीचशी हवेला ढकलण्यात आणि बाकीची टायरच्या घर्षणात जाते.

आता पाच टक्क्यांचा चढ घेऊ, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची. तेवढ्याच ताकदीत इथं वेग मिळतो फक्त ताशी आठ किलोमीटर. हवेचा विरोध जवळपास संपतो, पण ९० वॅटच्या वर ताकद नुसतं वजन वर उचलण्यात खर्च होते. सपाटीवर दहा किलोमीटरला २४ मिनिटं लागतात. या चढावर त्याच दहा किलोमीटरना सव्वा तास लागतो.

मग जोर लावून वेग का वाढवू नये? ताशी १२ किलोमीटरनं चढायचं, तर ताकद दीडपटीहून थोडी जास्त लागते. ती पाच मिनिटं टिकते, तासभर नाही. हलका गिअर टाकून पायडलच्या फेऱ्या चालू ठेवणं हाच खरा मार्ग.

पोटात काय हवं?

पाचशे मीटर उंची चढायला ८५ किलोला सुमारे ४१५ किलोज्यूल काम करावं लागतं. शरीर खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाव हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून एवढ्या चढासाठी चारशेच्या आसपास कॅलरी जळतात. मोठी राइड करणाऱ्यांना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगितलं जातं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे दर तासाला एक-दोन केळी किंवा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागल्यावर खायचं म्हटलं, तर उशीर झालेला असतो.

घामातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जातं, उन्हात त्याहूनही जास्त. नुसतं पाणी पीत राहिलं, तर मीठ भरून निघत नाही. ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू पाणी घाटाच्या पायथ्याशी घ्यायचं, माथ्यावर नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

साडेतेरा तासांचं गणित

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘बीआरएम’ किंवा ब्रेव्हे नावाचा प्रकार जगभर चालतो. त्याचे नियम फ्रान्समधली ओदॅक्स क्लब पॅरिझियाँ ही संस्था ठरवते. ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. ठरलेल्या वेळेत, स्वतःचं सामान स्वतः वाहून अंतर पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. हंगाम नोव्हेंबरपासून मोजतात. एकाच हंगामात हे चारही टप्पे केले, की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात.

हेच साडेतेरा तास आपल्या रस्त्याला लावून पाहू. खाणं, चहा, पंक्चर, फोटो मिळून अडीच तास गेले. माळशेजच्या चढाला सव्वा तास. उरले पावणेदहा तास आणि १९० किलोमीटर. म्हणजे सरासरी ताशी साडेएकोणीसचा वेग हवा. चांगल्या रस्त्यावर हे जमतं. पण मुरबाडच्या बाजारात आणि पुढे ट्रकच्या रांगेत मिळून एक तास गेला, तर लागणारा वेग पावणेबावीसवर जातो. तो भरून काढायला आपण घाटात जोर लावतो आणि गोळे येतात. पाचला निघालेला माणूस साडेसहाला परततो, तेव्हा डिसेंबरात अंधार झालेला असतो.

ट्रॅफिकचा धोका कुठे असतो?

आपल्याला भीती घाटातल्या ट्रकची वाटते. तिथं ट्रक स्वतःच हळू असतो. खरा प्रश्न मोकळ्या, रुंद रस्त्यावरचा. तुमचा वेग ताशी २० आणि मागच्या कारचा ९० असेल, तर फरक ७० चा. शंभर मीटर मागची कार पाच सेकंदांत तुमच्याजवळ येते. ड्रायव्हरनं तेवढ्यात मोबाइल पाहिला, तर काय होईल हे सांगायला नको. पुणे-नाशिक महामार्गावर बायपास झाले, तशी गावातली कोंडी कमी झाली, पण बायपासवरचा वेगातला फरक वाढला. सायकलवाल्यानं शक्य तिथं गावातला जुना रस्ता धरावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सायकलचा हंगाम आणि उसाचा गाळप हंगाम एकाच वेळी असतो. विघ्नहर, भीमाशंकर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या डबल ट्रॉलीला मागे दिवा नसेल, तर अंधारात ती जवळ येईपर्यंत दिसत नाही. शिवाय जुन्नर तालुक्यात पहाटे उसालगतच्या आडवाटेनं एकट्यानं सायकल नेणं म्हणजे बिबट्याचीही जोखीम. त्यामुळे अंधारात मुख्य रस्ता आणि सोबत, दोन्ही हवेत.

परदेशात काय वेगळं?

घाट आणि ट्रक सगळीकडे आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं, बारा दिवसांच्या आत संपवली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये १५९ दिवसांत जगाला सायकल प्रदक्षिणा घातली.

फरक नियमांत दिसतो. फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडणं वाहनचालकावर बंधनकारक आहे. त्याच फ्रान्समध्ये गावाबाहेर रात्री सायकल चालवणाऱ्याला चमकणारं जॅकेट घालावंच लागतं. जबाबदारी दोघांवरही आहे.

निघण्याआधी हे करा

– घाटाच्या पायथ्याशी किती वाजता पोहोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून उलटा हिशेब करून निघायची वेळ काढा. शक्य असेल तर दुपारी बारा ते तीन चढ टाळा.

– दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घाला.

– उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा. वळणाच्या आधीच वेग कमी करा.

– माळशेजच्या बोगद्यात शिरण्याआधी दिवा लावा आणि गॉगल काढा. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता टाळाच.

– नंबर सेव्ह करा : आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्ग मदतीसाठी १०३३. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्यामुळे थांबायला घाबरू नका.

– वेळ चुकली, तर राइड सोडा. मुरबाडहून एसटी किंवा टेम्पोनं वर येण्यात कमीपणा नाही.

आणि तुम्ही सायकलवर नसून स्टीअरिंगवर असाल, तर चढावर धापा टाकणारा कुणी दिसल्यावर हॉर्न न वाजवता दोन मिनिटं मागे थांबा. त्या पिकअपवाल्यानं माझ्यासाठी तेवढंच केलं होतं.